नाव हाताचे, काम माझे

मी एक जुना काळा पट्टा आहे. जसोंडी गावच्या निंबाभाऊंच्या मेंदूत अगदी खोल, बुंध्यापाशी माझी जागा आहे. माझा जोडीदार पलीकडच्या बाजूला असतो. डॉक्टर आम्हाला 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' म्हणतात. तुम्ही काळा पट्टाच म्हणा.

मित्रांनो, माझ्या पेशी डोपामीन नावाचे रसायन वरच्या केंद्रांना पुरवतात. म्हणून हात हवा तेव्हा उठतो आणि हवा तेव्हा थांबतो. निंबाभाऊ विळ्याच्या एका घावात केळीचा घड उतरवत, फळाला ओरखडा नसे. "भाऊंचा हात पाहा!" सगळे म्हणत. माझे नाव कुणी घेतले नाही.

मग माझ्या पेशी मरू लागल्या. का, ते मलाही ठाऊक नाही. निम्म्याहून जास्त गेल्या तेव्हा कुठे बाहेर दिसले. बसल्या जागी हात थरथरू लागला, पाऊल अडखळू लागले, घडांवर ओरखडे आले. एके सकाळी मळ्यात मुलगा धर्मेंद्र जवळ आला आणि त्याने वाकून बापाच्या तोंडाचा वास घेतला.

"पप्पा, खरं सांगा, पिऊन आले का? लोक काय काय बोलू राहिले."

त्याने विळा काढून घेतला. चहाखेरीज कशाला न शिवणारा माणूस हा! पोटच्या पोराने केलेला तो घात मी विसरलेलो नाही.

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी कंपवात ओळखला आणि गोळी दिली. तिच्यातून मेंदूत डोपामीन तयार होते. वाटले, आता रसद येणार. आली ती चिमूटभर. निंबाभाऊंची पत्नी मालूबाई रोज म्हणत, "गोळी गरम पडते, दुधासंगे घ्या." दुधातल्या प्रथिनांनी गोळीची वाट आतड्यातच अडवली. घरच्यांनीच दार लावले होते.

पुढच्या खेपेला गोळी कशासोबत घेता ते विचारून डॉक्टर म्हणाले, "दूध नाही. साधं पाणी, जेवणाच्या अर्धा तास आधी."

मालूबाई म्हणाल्या, "मी बिनदुधाचा चहा पिऊ राहिली होती, यांना दूध पुरावं म्हणून."

इतके दिवस साठवलेला राग कुणावर काढावा, तेच मला कळेना.

आता गोळीसोबत पाणी असते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण रसद पोचते. परवा धर्मेंद्रने मान खाली घालून विळा पुढे केला. घड उतरला, ओरखडा नाही.

"पाहा, माझ्या पप्पांचा हात!" तो ओरडला.

पुन्हा हातच! असो. मित्रांनो, माझे नाव नका घेऊ. पण कुणाचा हात थरथरताना दिसला, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याच्या तोंडाचा वास घ्यायला वाकू नका.