दिवा बंद आहे, साहेब

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. बड्या लोकांच्या गाडीवर मिरवणारा नव्हे. गावच्या बातम्या आणि गप्पा ऐकवणाऱ्या एका लहानशा रेडिओ केंद्रात, स्टुडिओच्या दारावर बसलेला. मी लागलो की आतलं बोलणं गावभर जातं, विझलो की चार भिंतींत राहतं. निदान सगळे तसं धरून चालत.

माझा जन्म कारखान्यातला नाही. केंद्र उभं राहत होतं तेव्हा तिथल्या तारा जोडणाऱ्या मिस्त्रींनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडलं, दुकान बंद केलेल्या एका फोटोवाल्याकडून लाल काच आणली आणि आत बल्ब बसवला. "दिसायला डबा आहे, पण हुकूम याचाच चालेल," ते म्हणाले. आणि चालला. मी लागलो की माणसं चपला हातात घेऊन चालत. शिंक आलेला नाक दाबून जिन्याकडे पळे. केंद्र बघायला आलेली शाळेची मुलं माइकच्या आधी मला बघत, आणि मीही जरा जास्तच लाल होई.

पण दारावर बसून मी एक धडा शिकलो. माणसाला दोन आवाज असतात. मी लागलेला असताना "माझ्या श्रोत्यांनो" म्हणून गळा भरून येणारे, मी विझताच "संपली एकदाची कटकट" म्हणत घाम पुसत. नळाला पाणी येणारच म्हणून छातीठोक सांगणारे पुढारी बाहेर पडताना एकमेकांना टाळ्या देत. तेव्हापासून माझा कोणावरच चटकन विश्वास बसत नाही.

एका बाईंचे मात्र दोन आवाज मला कधी सापडले नाहीत. त्या दुपारच्या बातम्या स्वतः लिहीत, स्वतः वाचत. आत बोलत तशाच बाहेर बोलत. खरं सांगतो, सर्वांत जास्त संशय मला त्यांचाच येई. असं कुठे असतं का?

सकाळच्या आणि दुपारच्या कार्यक्रमांच्या मधे केंद्र थोडा वेळ बंद असे. सगळे मागच्या खोलीत डबे उघडायला जात. बाई तेवढ्या आत बसून माइकसमोर सगळ्या बातम्या एकदा मोठ्याने वाचून काढत. कागदावर शहाणी दिसणारी वाक्यं तोंडात आली की पाय ओढतात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी विझलेला असे.

पुढे बाजारपेठेत दुसरं केंद्र निघालं, आणि आमच्या ताज्या बातम्या आमच्याआधी तिथून ऐकू येऊ लागल्या. पूल बंद होणार, ही बातमी गेली. दवाखान्याची जागा बदलणार, तीही गेली. पहिल्यांदा सगळे योगायोग म्हणाले. मग कागद पालथे ठेवले जाऊ लागले. मिस्त्रींनी खणाला कुलूप लावलं. एकत्र उघडणारे डबे वेगवेगळ्या टेबलांवर गेले. मीही एकेकाचा चेहरा वाचत बसलो, आणि प्रत्येकात मला चोर दिसला.

शेवटी केंद्र चालवणाऱ्या साहेबांचा भाचा, जो मदतीला म्हणून आला होता आणि मदत सोडून सगळं करत होता, तो म्हणाला, "मामा, लिहितं कोण? वाचतं कोण? मग फुटतं कुठून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्टुडिओत शिरले, मला लावलं आणि साऱ्या गावाला सांगितलं, की विश्वासाला तडा गेल्यामुळे दुपारच्या बातम्या आजपासून दुसरं कोणी वाचेल. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. बाई घरून निघाल्या तेव्हा त्यांच्या धाकट्या दिराने हसत विचारलं म्हणे, "वहिनी, त्या दुसऱ्या केंद्राने किती देऊ केलंय?" हे बाईंनीच मिस्त्रींना सांगितलं, त्याच एका आवाजात.

त्या दुपारी बाईंना बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. माझ्या समोरच्या काचेच्या दारापलीकडे ती खोली. दार कायम लोटलेलं, त्यामुळे तिथलं मला दिसे, ऐकू येत नसे. बाकावर पिशवीवाला एक गृहस्थ होता. जाहिरातीचं विचारायला म्हणून तो रोज याच वेळी येई आणि कोणाला न भेटताच घाईने उठून जाई. मला वाटे, बिचाऱ्याला भूक लागत असेल.

साहेब बाईंना कामावरून निरोप द्यायला आले. त्यांनी काचेचं दार उघडलं आणि हात तसाच दारावर राहिला. आलेल्यांना कार्यक्रम ऐकू यावेत म्हणून खोलीच्या भिंतीवर लावलेल्या स्पीकरमधून भाच्याचा आवाज येत होता. स्टुडिओत बसून तो मित्राशी फोनवर बोलत होता. "मामांना रेडिओतलं ओ की ठो कळत नाही रे. बाई गेली. आता मामांची खुर्ची."

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"दिवा बंद आहे, साहेब," त्या हळूच म्हणाल्या.

पिशवीवाला उठला. मी नंतर येतो, म्हणाला.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "आजच्या बातम्या अजून वाचून व्हायच्यात."

तो बसला नाही, बाजारपेठेच्या वाटेने सुटला. साहेबांची हाक ऐकून मिस्त्री खरकट्या हातानेच धावत आले आणि स्पीकरची तार धरून भिंतीकडेने चालत गेले. खोलीला रंग दिला तेव्हा आवाज स्वच्छ यावा म्हणून त्यांनीच स्पीकर थेट माइकच्या तारेला जोडला होता. तेव्हापासून मी विझलेला असतानाही आतला शब्दन् शब्द बाकापर्यंत पोचत होता. बाकावरच्या इतरांना वाटे, चालू रेडिओच ऐकतोय. आमची माणसं त्या वेळी कधी तिथे बसतच नसत.

साहेब खाली मान घालून म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

"हे इथे नको. संशय तुम्ही दिवा लावून घेतलात. माफीही दिवा लावूनच मागा."

साहेब भाच्याला बाहेर काढून आत गेले, आणि मी लागलो. मित्रांनो, मी लागलेला असताना साहेबांचा आवाज मी विझल्यावर येतो तसा, घरातल्यासारखा आला, तो तेवढा एकदाच. मग बाई आत गेल्या आणि त्यांनी बातम्या वाचल्या.

आता माझ्या काचेवर धूळ बसली आहे. दिवसाउजेडी मी लागलोय की नाही ते नीट दिसतही नाही. कोणी तरी एकदा ओल्या फडक्याने पुसा. आणि एखाद्या माणसावर बोट ठेवण्याआधी भिंतीवरची तार कुठे जाते, तेवढी बघून या. मी रोज बघतो. माझा आता त्या तारेवरही विश्वास नाही.