दोन रिंगा

दर रविवारी चार वाजता माझ्या फोनची एकच रिंग वाजते आणि थांबते. म्हणजे तिकडे झिम्बाब्वेत माझी मैदेईताई ठीक आहे. दोन रिंगा म्हणजे, तू फोन कर. तिचा फोन उचलायचा मात्र कधीच नाही. उचलला की तिचं रिचार्ज उडतं. परदेशात राहणाऱ्याने फोन करायचा, हा आम्हा सगळ्यांचा नियम. तिथून मलावीच्या या गावात गणित शिकवायला आलो, त्याला एकोणीस वर्षं झाली.

त्या रविवारी दोन रिंगा वाजल्या. आठवडाभर ताईला ताप होता आणि माझ्या फोनात शिल्लक नव्हती. चिसालेबाईंच्या टपरीवर शेवटचं रिचार्ज कार्ड मिळालं. घाईत मी ते चाकूने खरवडलं आणि चंदेरी रंगाबरोबर खालच्या नंबराचा शेवटचा आकडाही निघून गेला.

शून्य ते नऊ, दहा शक्यता. पण तीनदा चुकलं की दिवसभर रिचार्ज बंद. मुलांना मी सांगत असतो, उत्तर अंदाजाने लिहू नका. मी अंदाजानेच तीन आकडे टाकले. तिन्ही चुकले.

चिसालेबाईंनी स्वतःचा फोन पुढे केला, पण त्यांच्या पॅकमधून देशाबाहेर फोन लागत नव्हता.

"एवढ्या वह्या तपासता गुरुजी, अन् कार्ड खरवडता येईना?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. एक रिंग, दुसरी, तिसरी. मी उचलला.

"वेड्या, उचललास कशाला?" ताईचा आवाज खणखणीत होता.

"ताप कसा आहे?"

"गेला कधीच. ऐक, आता तुटेल. मी लेकीकडे राहायला चाललेय. आपल्या घराला गिऱ्हाईक आलंय. तू परत येणार असशील तर त्याला नाही म्हणते. येतोस का?"

मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, गप, येतोस का ते सांग. मी "अगं ताई" म्हणेपर्यंत फोन तुटला.

रात्रभर मी अंगणातल्या बाकावर बसून होतो. इथल्या तीन वर्गांतली पोरं डोळ्यांसमोर येत होती. तिथलं मात्र ताईशिवाय कुणाचंच तोंड आठवेना.

सोमवारी तालुक्याला जाऊन रिचार्ज केलं आणि ताईला फोन लावला.

"गिऱ्हाइकाला हो म्हण," मी म्हणालो.

  शिल्लक संपेपर्यंत आम्ही दोघं नुसता फोन कानाला धरून बसलो.