मानेवरची चीर

मी टोप बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे हो, डोक्यावरचा, लढाईचा! बोलतोय खरा, पण ऐकणार कोण? पुढे काच, मागे भिंत आणि कपाटाची किल्ली दातांच्या डॉक्टरांच्या खिशात. तुम्ही काचेला नाक लावून उभे आहात, म्हणून तेवढ्यात सांगून घेतो.

मी पुरातन बिरातन काही नाही. फार फार वर्षांपूर्वी ग्रीक सैनिक घालायचे, तशा टोपाची मी नक्कल. नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात. त्यांनी मला घडताना पाहायला हवं होतं! माझ्या कारागिराने पितळेचा एकच जाड पत्रा घेतला. तो तापवायचा, पाण्यात बुडवायचा, लाकडी मोगरीने ठोकायचा, पुन्हा तापवायचा. कपाळ, नाकावरची पट्टी, गाल, मान, सगळं त्या एका पत्र्यातून उतरलं. सांधा म्हणून कुठे नाही. डोळ्यांना दोन भोकं, नाकाखाली एक उभी फट, संपलं. कानांना तर जागाच ठेवलेली नाही. आत शिरलं की बाहेरचं जग मुकं होतं.

कारागिराच्या फळीवर माझ्या शेजारी गॉल, म्हणजे जुन्या काळच्या फ्रान्सकडच्या, टोळ्यांच्या धाटणीचा एक लोखंडी टोप होता. त्याच्या गालपट्ट्या बिजागरीवर हलणाऱ्या, चेहरा सताड उघडा. दर लढाईला जायचा आणि पोचे पाडून घेऊन हसत परत यायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो.

लढाई म्हणजे खोटी बरं का. सुट्टीच्या दिवशी मैदानात जमून जुन्या लढाया पुन्हा लढणारी हौशी मंडळी असतात, त्यांची. त्यांच्यातला एक बस ड्रायव्हर माझा पहिला मालक. आठवडाभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि सुट्टीला सेनापती व्हायचं, असा त्याचा खाक्या. टोपाच्या आत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, टोपी घालावी लागते. कारागिराने ती त्याच्या डोक्यावर ठेवूनच माप घेतलं होतं. "हीच टोपी घालायची," असं बजावलंही होतं.

पण लढाईच्या दिवशी ड्रायव्हर नवी टोपी घालून आला. बायकोने शिवलेली, आणि नमद्याचा एक थर जास्तीचा. "डोक्यावर दांडकी बसतात तुमच्या. तेवढाच आधार," असं म्हणून तिने ती हौसेने केली होती. आता बायकोच्या हातची टोपी नको कोण म्हणणार? मी डोक्यावर बसेना, तेव्हा दोघा सैनिकांनी मला वरून दाबून बसवलं.

लढाई झाली, ऊन चढलं. तो मला काढायला गेला, तर मी जागचा हलेना. सगळे धावले. कुणी ओढलं, कुणी पिरगाळलं. मग एका शहाण्याने, गार वाटेल म्हणून, माझ्या डोळ्यांच्या भोकांतून पाण्याची अख्खी बाटली आत ओतली. नमदा पाणी प्यायला आणि फुगला!

बाहेर लोक हसत होते. एकाने फोटोही काढला. आत काय चाललं होतं ते फक्त मला ठाऊक. त्याचा श्वास माझ्याच भिंतीवर आपटून परत त्याच्याच तोंडात जात होता. "काढा, काढा मला," तो म्हणत होता आणि बाहेर नुसती घुमघुम ऐकू जात होती. मला सोडायचं होतं हो! पण पितळेला आपणहून सैल होता येत नाही. त्या दिवशी आम्ही दोघेही अडकलो होतो.

तेवढ्यात त्याची बायको गर्दी सारत आली. ओरडून उपयोग नाही, हे तिला एका क्षणात कळलं. तिने माझ्या उभ्या फटीतून एक बोट आत घातलं आणि त्याच्या ओठांवर ठेवलं. ते बोट त्याने ओठांत धरून ठेवलं. त्याचा श्वास जरा सावकाश झाला.

कारागीर पत्रा कापायची मोठी कात्री घेऊन आला खरा, पण मला पाहून थबकला.

"थोडं तेल सोडून बघू का, वहिनी? एकसंध काम आहे. असं पुन्हा जमेल न जमेल."

"दादा, तुमचं काम लाखमोलाचं आहे. पण आत माझा माणूस आहे. कापा."

"अहो, पण..."

"कापा म्हणते ना!"

त्याने मानेशी कातड्याचा तुकडा सरकवला, डोळे पुसले आणि मला मागून वरपर्यंत चिरलं. मला दुखलं. खोटं कशाला बोलू? पण तो लाल, घामेजलेला चेहरा बाहेर आला आणि त्याने छातीभर हवा घेतली, तेव्हा मला जे वाटलं ते कुठलीही लढाई जिंकून वाटलं नसतं.

"हे घरात नको," ती म्हणाली. मी कारागिराकडे परतलो आणि तिथून डॉक्टरांच्या या कपाटात आलो. चीर कशाची, हे त्यांनी विचारलंच नाही. पाहुण्यांना ते रंगवून सांगतात, "हा तलवारीचा घाव. हुबेहूब उतरवलाय. या घावाने योद्धा जागीच गेला!" पाहुणे हळहळतात. मी आतल्या आत ओरडतो आणि काच माझा शब्द गिळून टाकते.

परवा दाताची तक्रार घेऊन एक जोडपं आलं. तोच ड्रायव्हर, तीच बायको! हल्ली तो गॉलांच्या बाजूने लढतो म्हणे, उघड्या चेहऱ्याने. डॉक्टरांनी कौतुकाने त्यांना माझ्यापुढे उभं केलं आणि घावाची गोष्ट सांगितली. ड्रायव्हरचा हात आपोआप स्वतःच्या मानेमागे गेला. बायको खाली बघत होती.

"मेला नाही हो तो," तो हळूच म्हणाला. "त्याची बायको वेळेवर आली."

डॉक्टर विनोद समजून मोठ्याने हसले. ती दोघं दारातून बाहेर पडली आणि मी इथेच राहिलो.

तुम्हीही आता निघाल. मला इथून सोडवा असं मी म्हणत नाही, किल्ली तुमच्याकडे नाहीच. पण कुणी विचारलंच, तर एवढं सांगा, की या चिरेतून मरण आत शिरलं नव्हतं. एक जिवंत माणूस बाहेर पडला होता.