पेशंट कम्फर्टेबल

अठ्ठावीस वर्षं वॉर्डात उभी राहून माझ्या पायांचे तुकडे पडलेत. तोंडाचा पट्टा मात्र शाबूत आहे. आमच्याकडे ड्युटी बदलताना नोंदवही मोठ्याने वाचायची पद्धत. नोंदी इंग्रजीत, वाचणारी मी, आणि चुका काढणारीही मीच, सगळ्यांदेखत. आमची धाकटी, म्हणजे सगळ्यांत नवी नर्स, एकदा ‘डिड नॉट एट’ लिहून बसली. "अगं, ‘डिड’ आलं की पुढे ‘ईट’. एखादा इंग्रज हे वाचून उपाशीच झोपला असता!" मुली खिदळल्या. धाकटीचे कान लाल झाले.

पुढे दोन महिन्यांत चुका थांबल्या. चला, पोरींना वळण लागलं, असं म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

परवा दुपारी सात नंबरच्या शिंपीकाकांना एकाएकी धाप लागली. खुब्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. त्यांना आयसीयूत हलवताना डॉक्टर म्हणाले, "पाय सकाळपासून सुजला असणार. कुणी पाहिला नाही?" मी वही उघडली. सकाळच्या नोंदीत धाकटीने लिहिलं होतं, ‘पेशंट कम्फर्टेबल.’

तिला मी औषधांच्या खोलीत गाठलं.

"पाय पाहिला नव्हतास?"

"पाहिला ना, सिस्टर. पोटरी सुजली होती. गरमही लागत होती."

"मग लिहिलं का नाहीस?"

तिने खिशातून एक कागद काढला. त्यावर सुजलेल्या पोटरीचं एकच वाक्य चार वेळा लिहून खोडलं होतं. "यातलं बरोबर कुठलं तेच कळेना. मग जे कधीच चुकत नाही, ते लिहिलं."

"मला येऊन सांगायचंस."

"तुम्ही सगळ्यांसमोर..."

ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. रागवायचं त्राण नव्हतं, आणि कुणावर रागवायचं हेही कळलं होतं. स्टूल ओढून बसले.

"आण तो कागद. चारही वाक्यं कळताहेत मला. तिसऱ्यात शेवटी फक्त ‘स्वोलन’ कर, झालं. पण चुकीचं लिहिलं असतंस तरी काकांवर वेळेत उपचार झाले असते. यापुढे जसं येईल तसं लिही. मागाहून आपण दोघी बसून नीट करू."

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. काकांचं काय होणार, ते उद्यापर्यंत सांगता येणार नव्हतं.

टेबलाशी येऊन वहीची मागची पानं उलटली. दोन महिने, बारा खाटा, तीन मुलींची तीन अक्षरं. पेशंट कम्फर्टेबल. पेशंट कम्फर्टेबल. कुठेही व्याकरणाची एक चूक नव्हती. उठले, आणि एक नंबरच्या खाटेपासून एकेकाचं पांघरूण बाजूला करून पाहायला लागले.