थोरल्याचा वाघदेव

गेणबाच्या पोटात सात वर्षं दुखत होतं, आणि त्यावर ओव्याचा काही उपयोग नव्हता. दुखणं थोरल्या भावाचं होतं. वाटण्या झाल्या तेव्हा काटेवाडीचं रान हिंदुरावानं ठेवलं, शेळगावचं गेणबाला दिलं. त्याबद्दल गेणबाची तक्रार नव्हती. शेळगावचे त्याचे पेरू बारामतीच्या बाजारात काटेवाडीच्या पेरूंच्या आधी उठत. पण घरचे देव थोरल्याकडे राहतात, ही रीत. रीतीपुढं धाकट्याचं काय चालतंय?

धाकट्यानं देवांचे नवे टाक करून घ्यायचे, हीसुद्धा रीतच. गेणबानं बारामतीच्या सोनाराकडून चांदीचे टाक घडवले. खंडोबा झाला, भवानी झाली, वीर झाला. अडलं ते वाघदेवापाशी. वाघदेव म्हणजे त्यांच्या घराण्याचा सगळ्यात जुना टाक, रुपयाहून जरा लहान पण चांगला जाड. डोक्यावर वाघाचा जबडा टोपीसारखा ओढलेला आणि गळ्याशी पंजांची गाठ मारलेला तरणाबांड देव. मागच्या बाजूला हातावर पोपट घेऊन बसलेला कोणी दाढीवाला साधू. पणजोबाचा बाप उत्तरेच्या स्वारीतून येताना हा देव कमरेला बांधून घेऊन आला, असं घरात सांगत. सोनारानं तो दोनदा घडवला आणि दोन्ही वेळा मांजर झालं.

"ह्याला निवद दावायचा का दूध?" कुशाबाईनं, गेणबाच्या बायकोनं, विचारलं. गेणबा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

दर चंपाषष्ठीला त्याला काटेवाडीस जावं लागे. वहिनी ठमाबाई वाघदेवाला हळद लावायच्या आणि गेणबा पुढं सरकला की म्हणायच्या, "भावजी, लांबनंच हां. घरच्या मालकाबिगर हात लावत न्हाईत." घरचा मालक! ज्या घरात तो रांगला, त्या घराचा! गेणबा लांबूनच नमस्कार करायचा आणि घरी येऊन बैलांवर खेकसायचा.

चौतीस साली माघात त्याला औषध सापडलं. पेरू विकून तो मोकळा झाला होता, आणि बारामतीच्या शाळेत पुण्याचे प्रोफेसर गद्रे जादूच्या कंदिलावर चित्रं दाखवणार होते. फुकट होतं म्हणून गेणबा आत शिरला. खिडक्यांवर घोंगड्या टांगून भरदुपारी अंधार केलेला. भिंतीवर पांढरा पडदा. प्रोफेसर म्हणाले, "हा ग्रीकांचा दिग्विजयी राजा शिकंदर. हे त्याचं नाणं." आणि पडद्यावर गाडीच्या चाकाएवढा वाघदेव उगवला.

गेणबाला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. म्हणजे दादा इतकी वर्षं देव म्हणून एका परक्या राजाच्या रुपयाला निवद दाखवत होता! आपल्याला देव मिळाला नाही ना, मग त्यालाही नको. गेणबाच्या मनात एवढंच आलं, आणि ते त्याला जिलेबीपेक्षा गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं प्रोफेसरांना छकड्यात घातलं, कुशाबाईलाही घेतलं, आणि काटेवाडी गाठली.

हिंदुरावानं पाहुण्यांना घोंगडीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि येण्याचं कारण शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वतः उठून वाघदेव ताटातून आणला. प्रोफेसरांनी भिंग डोळ्याला लावलं.

"खरं आहे," प्रोफेसर म्हणाले. "मागं राजाचं नाव आहे. झिजलंय, पण शिकंदराचंच. आणि तो पोपट नव्हे, गरुड आहे."

हिंदुरावाचा चेहरा उतरला. ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला. गेणबाची छाती वीतभर फुगली.

"बघा! म्या म्हनलं न्हवतं? ह्यो देव न्हाय, राजा हाय!"

"थांबा," प्रोफेसर म्हणाले. "नाव राजाचं आहे. तोंड कोणाचं, हा निराळा प्रश्न. त्या लोकांत एक पराक्रमी देव होता. त्यानं सिंह मारून त्याचं कातडं पांघरलं. राजा स्वतःला त्याच्या कुळातला म्हणवी, म्हणून नाण्यावर त्याला काढलं. मागाहून लोक म्हणू लागले, हा राजाच. काही विद्वान अजूनही म्हणतात."

"तुमी काय म्हंता?" गेणबानं विचारलं.

"राजाच्या बरोबर जे होते, त्यांनी लिहिलेलं हरवलं. आपल्या हाती आलंय ते तीनचारशे वर्षांनी दुसऱ्यांनी ऐकून-वाचून लिहिलेलं. मी शपथेवर सांगू शकत नाही."

"काल तर पडद्याम्होरं सांगितलंत!"

"काल व्याख्यान होतं," प्रोफेसर म्हणाले, आणि जरा ओशाळले.

आपलाच साक्षीदार असा फितूर झालेला पाहून गेणबानं त्याच्याकडं पाठ फिरवली. हिंदुरावानं वाघदेव उचलला आणि धाकट्याच्या समोर येऊन बसला.

"गेणबा, साहेबास्नी ठरवता येत न्हाय. तू ठरीव. राजा असंल, तर देवघरात त्याचं काम न्हाय. मग ती आज्या-पणज्याची चीज हाय, तू घिऊन जा, माजी ना न्हाय. देव असंल, तर रीतीनं हितं ऱ्हाईल. तू म्हनशील त्ये मला मान्य."

आणि त्यानं वाघदेव गेणबाच्या तळहातावर ठेवला.

गेणबानं तो आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. वाटला होता त्यापेक्षा जड होता. सिंहाच्या जबड्यात जुनी हळद बसलेली होती. तिच्यात त्याच्या आईनं लावलेलीही थोडी असेल. राजा म्हणायचं, की झालं. मूठ मिटायची आणि शेळगावची वाट धरायची. पण शेळगावात नेऊन ठेवायचा कुठं? ज्याला आपल्याच तोंडानं रुपया म्हटलं, त्याला हळद कशी लावायची? त्यानं थोरल्याच्या डोळ्यांत कावा शोधला. कावा असता तर बरं झालं असतं. हिंदुराव नुसता वाट बघत होता. तो हरायला तयार होता, आणि गेणबाला त्याचाही हेवा वाटला.

"बोला की," कुशाबाई हळू म्हणाली.

"देव हाय," गेणबा म्हणाला.

ठमाबाईंनी ताट पुढं केलं. गेणबाची मूठ काही केल्या उघडेना. शेवटी कुशाबाईनंच त्याची बोटं एकेक करून सोडवली.