थोडं म्हणजे किती

"थोडं म्हणजे किती?" मोजणीवाल्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

जहाजावरच्या सहलींच्या काउंटरमागची मुलगी हसली. उद्याच्या बंदरातल्या सहलींचं पत्रक तिच्यापुढे होतं आणि प्रत्येक सहलीसमोर बुटांची चित्रं छापलेली होती. एक बूट म्हणजे थोडं चालणं, दोन म्हणजे बऱ्यापैकी, तीन म्हणजे दमछाक.

"थोडंच आहे, सर. एकच बूट आहे बघा."

"बूट नका सांगू. पावलं सांगा. मध्ये बसायला कुठे आहे? पायऱ्या किती?"

मुलीने त्यांच्यावरची नजर काढून त्यांच्या लेकीकडे वळवली. "यांना चालता येतं ना?"

मोजणीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी इथेच उभा आहे," ते म्हणाले. "कान शाबूत आहेत माझे. डावा खुबा गेलाय. शंभर पावलं चालतो, पाच मिनिटं बसतो, पुन्हा शंभर चालतो. आता मला सांगा, जमेल का?"

"बाबा, मागे रांग लागलीये," लेक कुजबुजली.

मुलीने एक कागद पुढे सरकवला. सहलीत काही झालं तर जबाबदारी प्रवाशाची, खाली सही करा. किती चालायचं ते सांगता येत नाही, सही मात्र हवी! मोजणीवाल्यांनी कागद होता तसा परत सरकवला आणि काठी टेकत निघाले.

भूमापन कार्यालयात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. हातभर जमिनीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसायचे, तेव्हा मध्ये मोजणीची साखळी टाकून हे उभे राहायचे. "थोडं इकडे सरकवा, कोण बघतंय," म्हणणाऱ्या साहेबाशी भांडून त्यांनी एकदा बदलीही ओढवून घेतली होती. त्या चौतीस वर्षांच्या डोंगर-दऱ्यांनीच खुबा खाल्ला, असं डॉक्टरांचं म्हणणं. तीन वर्षांपासून ते घरात होते. ही जहाजाची सफर लेक-जावयाने हौसेने ठरवली होती.

खोलीत आल्यावर जावयाने तोडगा काढला. "बाबा, आम्ही दोघं किल्ल्याच्या सहलीला जातो. तुम्ही इथेच आराम करा. खायला-प्यायला आहे, डेकवरून बंदर दिसतंच. आणि आई आहेतच सोबतीला."

"हो, मी आहे की," बायको म्हणाली. ती टॉवेलची घडी घालत होती.

"लांबून बंदर बघायला कशाला यायचं इतक्या दूर?" मोजणीवाले म्हणाले. "दीपगृह बघायचंय मला. पायथ्याशी जाऊन."

त्यांनी बंदराचा नकाशा गुडघ्यावर पसरला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, नकाशा प्रमाणात नाही.

"मग याला नकाशा कशाला म्हणता? चित्र म्हणा, चित्र!"

खोली आवरायला आलेली बाई बिछान्याची चादर बदलत होती. तिला हसू आवरेना. "दीपगृहाला जायचंय का काका? मग धक्क्यावरून चालत निघू नका. फाटक लांब आहे. बंदराची बस असते, ती घ्या. फाटकाबाहेर टॅक्सी मिळेल. टॅक्सीवाल्याला म्हणावं, मागच्या दाराशी सोड. पुढच्या दाराला चढ आहे. मागे उतरलात की वीस पावलांवर बाक आहे, झाडाखाली."

"तुम्हाला एवढं बारीक कसं ठाऊक?"

"सुट्टी मिळाली की तिथेच जाऊन बसते मी. दिवसाला बावीस खोल्या, काका. माझेही पाय भरून येतातच की."

"मग हे काउंटरवरच्या मुलीला का माहीत नाही?"

"मला कुणी विचारलं तर सांगेन ना."

मोजणीवाल्यांनी सगळं पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि बायको धक्क्यावर उतरले. बस आली नव्हती, म्हणून ते फाटकाच्या दिशेने चालू लागले. ऐंशी पावलांतच खुब्यातून कळ निघाली, तेव्हा ते जहाजाचे दोर बांधायच्या एका बुटक्या लोखंडी खुंटावर बसले. लगेच पहारेकरी आला आणि त्याने शेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"इथे बसायला मनाई आहे."

"मग कुठे बसू?"

पहारेकऱ्याने आजूबाजूला पाहिलं. नजर जाईल तिथवर नुसतं काँक्रीट होतं. "बाक नाहीये इथे," तो म्हणाला.

"बाक नाही आणि बसायलाही मनाई. म्हणजे माणसाने काय हवेत तरंगायचं? ती पाटी ठोकायला कुणीतरी आलंच होतं ना इथवर? येताना एक बाक आणायला काय धाड भरली होती त्याला?"

"अहो, जाऊ द्या ना," बायको म्हणाली.

"का जाऊ द्या? तीन वर्षं तेच चाललंय!"

पहारेकरी जरा वेळ घुटमळला आणि मग समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. बस येईपर्यंत मोजणीवाले हलले नाहीत.

बसची पायरी गुडघ्याएवढी उंच होती. ते पाठमोरे पायरीवर बसले आणि ढुंगण सरकवत वर चढले. लोक बघत राहिले, त्यांनी बघू दिलं. पुढे टॅक्सी मिळाली. मागच्या दारापासून बाक एकवीस पावलांवर होता.

बाकासमोर दीपगृह सरळ वर गेलेलं. तिकिटवाला खिडकीतून म्हणाला, "वर जायचं असेल तर आत्ताच. बारानंतर बंद. एकशे ऐंशी पायऱ्या आहेत."

"पायऱ्या मोजून ठेवणारा माणूस भेटला एकदाचा!" मोजणीवाले खूश होऊन म्हणाले. बायको हसली नाही. ती मान वर करून बघत होती.

"तुला चढवतील एवढ्या पायऱ्या?" त्यांनी सहज विचारलं.

"न चढवायला काय झालं? एका दमात चढेन." ती भरकन बोलून गेली आणि ओशाळली. "पण नको. तुम्ही एकटे कसे बसाल?"

"मला काय झालंय? खुबा माझा गेलाय, तुझा नाही. माझ्याजवळ बसून राहायला तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी?" तिचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "लेक म्हणते आई आहे. जावई म्हणतात आई आहेत. काल त्या पोरीने तुम्हाला सोडून लेकीला विचारलं, तर केवढा संताप झाला तुमचा. मला तर तुमच्या देखत गृहीत धरतात सगळे. तुम्हीसुद्धा. तीन वर्षांत एकदा तरी विचारलंत, तुला कुठे जायचंय?"



तिने पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला, तिकीट घेतलं आणि मागे न बघता दारातून आत गेली.

बराच वेळ गेला. मग वरच्या कठड्याशी माणसं दिसू लागली. त्यांत एक बुटकी आकृती त्यांनी ओळखली. ते काठीच्या आधाराने उठले आणि त्यांनी हात उंच केला.

ती खाली बघत नव्हती. ती दूर समुद्राकडे तोंड करून, दोन्ही हात कठड्यावर टेकून उभी होती. वाऱ्याने पदर सुटून फडफडत होता आणि ती तो आवरत नव्हती.

"आजोबा, हाक मारून सांगू का त्यांना?" तिकिटवाल्याने विचारलं.

"नको," मोजणीवाले हात खाली घेत म्हणाले. "बघू द्या तिला."

ते पर्स पोटाशी धरून पुन्हा बाकावर बसले.