रानपिंगळ्याचं घराणं

कमलाकांत सर निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी कॉलेजच्या पक्षी-संग्रहालयाची किल्ली त्यांच्याच खिशात असायची. अमरावतीच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या दीक्षाकडे त्याची जबाबदारी होती, तरी तिला आत जायचं तर आधी त्यांना फोन करावा लागे. ती त्यांचीच विद्यार्थिनी. पक्षी बघायला त्यांनीच शिकवलं, म्हणून तिनं हे सोसलं होतं.

भांडण पेटलं ते संग्रहालयातल्या फलकावरून. मेळघाटातला रानपिंगळा, हे छोटंसं घुबड, म्हणजे सरांचा जीव की प्राण. शंभरावर वर्षं हरवलेला हा पक्षी पुन्हा सापडल्यावर त्याच्यामागे त्यांनी रानं पालथी घातली होती. "अख्ख्या घराण्यात एकटाच," असं ते प्रत्येक भाषणात सांगत. पण गावाकडेला चिंचेच्या ढोलीत बसणाऱ्या साध्या पिंगळ्याशी त्याचं जवळचं नातं आहे, त्याला वेगळं घराणं द्यायला आधार नाही, हे इतर संशोधकांनी जनुकं तपासून दाखवलं होतं. दीक्षानं सरांनी जमवलेली पिसं घेऊन ते फिरून तपासलं. उत्तर तेच आलं. मग तिनं नवा फलक केला. जुन्या चौकटी गेल्या, फांद्या फुटत गेलेलं झाड आलं, आणि एकाच डहाळीवर दोन्ही पिंगळे शेजारी बसले.

सर आले ते संस्थेचे सचिव केशवराव यांना सोबत घेऊनच.

"हा कचरा कोणी लावला?"

"मी, सर. कोण कोणापासून निपजला, त्यावरून मांडणी केली आहे."

"डोळे आहेत ना तुला? त्याचं डोकं बघ, पाय बघ. भरदिवसा शिकार करतो तो. या भुरट्या पिंगळ्याशी त्याची सोयरीक लावतेस?"

"दिसायला वेगळा असला तरी पूर्वज एकच आहे, सर."

सर केशवरावांकडे वळून हसले. "या लोकांना सगळेच एका पंगतीत बसवायचे असतात."

दीक्षाच्या अंगातून सणक गेली. सरांसमोर इतकी वर्षं जपून बोललेली पुस्तकी भाषा गळून पडली. "या लोकायले म्हणजे कोनाले, सर?"

केशवराव मधे पडले. "जाऊ द्या ना मॅडम, काहून विषय वाढवून राहिल्या? उतरवा तो फलक."

"मी नाई उतरवत. ज्याले उतरवाचा त्यानं उतरवावा."

दुसऱ्या दिवशी फलक जिन्याखाली पडला होता आणि संग्रहालयाची जबाबदारी दुसऱ्याकडे गेली होती. मधल्या सुट्टीत तिला चहाला कोणी हाक मारेना. या तपासणीवरच्या तिच्या शोधनिबंधात पिसांखातर तिनं सरांचंही नाव घातलं होतं. त्यावर त्यांचा फोन आला.

"या थोतांडात माझं नाव नको."

"सर, मेहनत तुमचीही आहे."

"काढ म्हणजे काढ."

तिनं काढलं. निबंध एकटीच्या नावानं छापून आला.

हिवाळ्यात अकोल्याला पक्षीमित्रांचं संमेलन भरलं. प्रमुख वक्ते कमलाकांत सर, विषय नवं वर्गीकरण. सर आपले वाभाडे काढणार, हे धरूनच दीक्षा एसटीनं निघाली. एकेका आक्षेपाचं उत्तर तिनं वाटेत मनाशी घोकलं.

पडद्यावर चित्र आलं ते तिच्याच झाडाचं. सर म्हणाले, "रानपिंगळा आणि पिंगळा एकाच घराण्यातले, हे मी जमवलेल्या पिसांवरून आम्ही पक्कं केलं." टाळ्या पडल्या. तिची घोकलेली उत्तरं वाया गेली. बाजू तिचीच मांडली जात होती, आणि त्यात ती कुठेच नव्हती.

ती उभी राहिली. "सर, त्या निबंधात तुमचं नाव नाही. तुम्हीच काढायला लावलं. का लावलं, ते सांगा इथं."

सरांनी माइक जवळ ओढला. "ही माझी विद्यार्थिनी. हिला मीच घडवलं."

लोक कौतुकानं हसले.

"घडवलं असंल," दीक्षा म्हणाली. "पन आता तुमी खोटं बोलून राहिले."

संयोजकांनी घाईघाईनं चहा जाहीर केला.

चहाच्या टेबलाशी माणसं तिच्यापासून अंतर राखून उभी होती. सर मात्र सरळ तिच्याकडे आले. "अमरावतीत तुझं कसं निभतं, तेच बघतो आता."

"बघा," ती म्हणाली आणि कपात साखर ढवळत राहिली.

सोमवारी संस्थेची नोटीस आली : ज्येष्ठांचा जाहीर अपमान, लेखी माफी मागावी. तिनं निबंधाची प्रत जोडली आणि घडलं ते तसंच लिहून दिलं. माफी मागितली नाही. तिची पदोन्नती लांबली. नोकरी मात्र कोणाला काढून घेता आली नाही. त्यानंतर कॉलेजच्या फाटकात दोघं समोरासमोर आली की सर वाट बदलत. ती बदलत नसे.